कोरियात आधी खानावळ निवडा, मग पदार्थ

संपादक महोदय,

पर्यटन पुरवण्यांतून अलीकडे दक्षिण कोरियावर पुष्कळ छापून येते. सोलचे राजवाडे, जेजू बेटावरचा ज्वालामुखी, वसंतातला चेरीचा बहर, सगळे असते. जेवणाचा विषय मात्र ‘शाकाहारींनी खाऊ सोबत न्यावा’ किंवा ‘बिबिमबाप मागवून मांस नको म्हणून सांगावे’ अशा एखाद्या ओळीत उरकलेला असतो. पहिला सल्ला आळशीपणाचा आहे आणि दुसरा अर्धवट. सहल कंपन्याही गटाला भारतीय उपाहारगृहात नेऊन मोकळ्या होतात. तिथल्या पारंपरिक खानावळीत नीट जेवता येते, शाकाहारी माणसालाही येते. फक्त कुठे काय खायचे हे दाराबाहेर असतानाच ठरवावे लागते. आत बसल्यावर ठरवू म्हटले तर उशीर झालेला असतो.

कारण साधे आहे. कोरियातली जुनी खानावळ बहुधा एकाच पदार्थावर चालते. दुकानाच्या नावाइतक्याच ठसठशीत अक्षरांत तो पदार्थ पाटीवर असतो आणि आतल्या दरफलकावर जेमतेम चार-पाच ओळी. रस्सा ज्या पाण्यावर उभा राहतो ते ‘युक्सू’ सकाळीच, कधी आदल्या रात्रीपासून, मोठ्या पातेल्यात उकळत असते. सॉल्लॉंगतांग या गोमांसाच्या सूपच्या खानावळीत ते बैलाच्या हाडांचे असते. नूडल्स आणि बहुतेक घरगुती रश्श्यांसाठी ते म्योल्छीचे असते. म्योल्छी म्हणजे अँचोव्हीच्या जातीची बारीक सुकी मासळी. वाढताना वर ठेवलेले तुकडे कोणीही काढून देईल, पण युक्सू बदलता येत नाही. म्हणून ‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस काढून द्या, हे वाक्य पाठ करून गेलेला प्रवासी हसतमुखाने समोर आलेला मासळीचा रस्सा पितो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. यात वाढणाऱ्याची लबाडी नसते. ‘छेशिक’ म्हणजे शाकाहार म्हटले की मांसाचे तुकडे नकोत एवढाच अर्थ तिथे अनेकदा घेतला जातो. अंडे, ऑमुक नावाची माशाची वडी, हॅमचे काप हे सगळे त्यात खपून जाते.

बिबिमबापचेच घ्या. भातावर पाच-सहा परतलेल्या-उकडलेल्या भाज्या, मध्ये गोचुजांग ही तिखट चटणी, वर अंडे. दिसायला अगदी शाकाहारी. पण त्यात गोमांसाचा खिमा सहसा असतोच. काही ठिकाणी गोचुजांगही खिमा घालूनच परतलेली असते. ज्या जॉनजू शहराचे बिबिमबाप सर्वांत नावाजलेले, तिथल्या जुन्या पद्धतीत भातच गोमांसाच्या पाण्यात शिजवतात आणि काही खानावळी वर कच्चे गोमांस ठेवतात. सोबत येणारी सूपची वाटीही बहुधा म्योल्छीची. तेव्हा शाकाहारी माणसाने जॉनजूला जाऊन बिबिमबाप खाण्याचा हट्ट धरू नये. त्याऐवजी सोंग्नीसान, ओदेसान अशा डोंगरांच्या पायथ्याशी, देवळांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्या खानावळी असतात तिथे ‘सानचे बिबिमबाप’ मागावे. रानभाज्यांचा हा प्रकार मुळातच मांसाविना असतो, चटणीही साधी असते. फक्त अंडे आणि सूप नको म्हणून सांगायचे. काही ठिकाणी भाज्यांनाही मासळीचे पाणी लावतात, तेवढे विचारून घ्यावे.

किमची शाकाहारी असते हा आणखी एक गोड गैरसमज. नेहमीच्या किमचीत सेउजॉत म्हणजे खारवलेली बारीक कोळंबी किंवा म्योल्छीचे खारे पाणी पडलेलेच असते, त्याशिवाय ती नीट आंबत नाही असे घराघरात मानतात. जापचे या रताळ्याच्या शेवयांत गोमांसाच्या पट्ट्या असतात. सुंदुबू जिगे, म्हणजे मऊ टोफूचा लाल रस्सा, त्यात शिंपले किंवा डुकराचे मांस असते. तॉकबोक्की या तांदळाच्या वड्यांच्या तिखट पदार्थात ऑमुक असते.

मग उरते काय? बरेच काही उरते. पूर्व किनाऱ्यावर गांगनुंग शहरात छोदांग नावाची वस्ती आहे. तिथे सोयाबीनचे दूध समुद्राच्या पाण्याने फाडून मऊ टोफू करतात. रांगेने तशाच खानावळी आहेत. तिथे ‘सुंदुबू बेकबान’ मागवावे. वाडगाभर पांढरा, वाफाळता, जवळपास बेचव टोफू येतो, सोबत सोया सॉस, मिरची आणि पातीच्या कांद्याची यांगन्यॉमजांग ही पातळ चटणी, भात आणि चार-पाच वाट्या. चटणी एकदम ओतायची नाही; अर्धा चमचा घालून चव बघत जायचे, नाहीतर सोया सॉसचे मीठ टोफूला गिळून टाकते. हल्ली तिथेच ‘जाम्पोंग सुंदुबू’ फार चालतो. फोटो बघून तो मागवला की संपले, त्यात मांस आणि समुद्रातले सगळेच असते.

उन्हाळ्यात कोंगगुक्सू मिळते. सोयाबीन भिजवून, उकडून, वाटून केलेल्या दाट थंड दुधात गव्हाच्या नूडल्स. वर काकडी, कधी अर्धे अंडे. मीठ आपले आपण घालायचे, जॉल्ला प्रांतात साखर घालतात. यात युक्सू नसतेच. गांगवॉन प्रांतात गामजाजॉन म्हणजे निव्वळ किसलेल्या बटाट्याचे घावन मिळते, दोतोरीमुक हा ओकच्या फळांच्या पिठाचा थरथरता खांडोळीसारखा पदार्थ मिळतो. जुक, म्हणजे पेजेच्या खानावळी जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत. तिथे होबाकजुक (लाल भोपळा) आणि पातजुक (लाल चवळीसारखे दाणे) निर्धास्त खावे, शेजारच्या ओळीतले जॉनबोकजुक मात्र अबॅलोन या समुद्री गोगलगायीचे असते.

आणि देवळांतले जेवण. कोरियन बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस-मासळी नाहीच, शिवाय पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत: लसूण, पातीचा कांदा, बुचू ही लसणाच्या वासाची चपटी पात, दाल्ले हा रानकांदा आणि पाचवा हिंग. हिंग कोरियात कोणी वापरतच नाही, तरी यादीत तो आहेच. या पाककलेला २०२५मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. सोलमध्ये जोग्येसा देवळासमोर जोग्ये या बौद्ध पंथानेच चालवलेले बालू गोंग्यांग हे उपाहारगृह आहे. आधी जागा राखून ठेवावी लागते, दर माणशी ३०,००० वॉनच्या पुढे सुरू होतो आणि जेवण क्रमाक्रमाने येत असल्याने दीड तास हाताशी ठेवावा लागतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय याहून चांगली कोरियात दुसरीकडे होणे कठीण. मात्र कंदमुळे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, मुळा, कमळकाकडी, बटाटा आणि डोंगरी कंद यांवरच हा स्वयंपाक उभा आहे.

मांसाहारी, पण गोमांस किंवा डुकराचे मांस न खाणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांनी भिंतीवरची एक पाटी शोधायला शिकावे. प्रत्येक खानावळीला वापरलेल्या तांदळाचे, किमचीचे, गोमांस, डुकराचे मांस, कोंबडी वगैरेंचे मूळ कोणत्या देशाचे, हे कायद्याने लावून ठेवावे लागते. भाषांतर करणाऱ्या पापागो अ‍ॅपचा कॅमेरा त्या पाटीवर धरला की स्वयंपाकघरात काय-काय येते ते कळते. ‘सोगोगी’ म्हणजे गोमांस आणि ‘त्वेजीगोगी’ म्हणजे डुकराचे मांस. पाटीवर फक्त कोंबडीच दिसली तर बरेचसे निर्धास्त व्हावे. तयार पावडरींतला अर्क त्या पाटीवर दिसेलच असे मात्र नाही.

कोंबडीच्या खानावळी हे या मंडळींचे खरे माहेर. छुनछॉन शहराची दाकगाल्बी, आन्दोंगची जिमदाक, सोलच्या दोंगदेमुन भागातली दाकहानमारी, आणि सगळीकडे मिळणारी सामग्येतांग. सामग्येतांग एकट्या माणसाला उत्तम, कारण एका माणसाला एक अख्खी कोवळी कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, जिनसेंगचे मूळ, लसूण आणि खजुरासारखे तेचू फळ भरून येते. उन्हाळ्यातल्या ‘बोक’ म्हटल्या जाणाऱ्या तीन दिवशी या खानावळींसमोर लांबच लांब रांगा असतात, त्या तारखा बघून टाळाव्यात. मातीचे भांडे टेबलावर आल्यावरही काही मिनिटे खदखदत राहते. घाईने घोट घेतला की जीभ गेलीच. रस्सा अळणी असतो, ती चूक नव्हे. शेजारच्या बशीतले मीठ-मिरी थोडे रश्श्यात घालायचे आणि थोडे बशीतच ठेवून त्यात मांस बुडवायचे. चमच्याने पोट उघडले की भात रश्श्यात उतरतो आणि रस्सा दाट होतो. पण सगळा भात पहिल्याच मिनिटाला ढवळून काढू नये, शेवटी पिठूळ लापशी उरते. हाडे टाकायला वेगळे भांडे टेबलावरच असते. दाकगाल्बी, जिमदाक आणि दाकहानमारी मात्र दोघांशिवाय सहसा मिळत नाहीत.

आता माणसे मोजण्याचा मुद्दा. ‘दोन माणसांपासून पुढे’ ही सूचना पारंपरिक जेवणात इतकी सर्रास असते की एकट्या प्रवाशाने ती आधी वाचावी. शेगडीवरचे मांस, मध्ये ठेवून उकळायचे जॉन्गोल, आणि सगळ्यात मानाचे हानजॉन्गशिक म्हणजे अनेक पदार्थांचे पारंपरिक भरगच्च जेवण, या सगळ्यांना ती लागू. एकट्याने गुकबाप (भात घातलेले सूप), बेकबान, नेंगम्यॉन (थंड नूडल्स), जुक यांच्या खानावळी धराव्यात. बेकबान म्हणजे भात, एक सूप आणि घरगुती वाट्या. साधारण १०,००० वॉनच्या आसपास भरपेट जेवण होते आणि रोज काय शिजवायचे ते मालकीणबाईच ठरवतात.

हानजॉन्गशिकबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवे, कारण पैसे इथेच जातात आणि फजितीही इथेच होते. दर माणशी ३०,००० वॉनला बरे मिळते, लाखाच्या पुढेही जाते. दोन पद्धती आहेत. सोलमध्ये क्रमाने वाढतात: आधी पातळ पेज, मग थंड पदार्थ, मग जॉन म्हणजे घावने आणि गरम मांसाचे पदार्थ, आणि अगदी शेवटी भात, सूप, किमची. हा शेवटचा टप्पा म्हणजेच त्यांच्या लेखी जेवण, त्याला ते ‘शिक्सा’ म्हणतात. आधीचे पदार्थ पोटभर खाऊन भात आला तेव्हा हात वर करणारे पाहुणे तिथे रोजचे आहेत. जॉल्ला प्रांतात, म्हणजे ग्वांगजू, जॉनजू, गांगजिनकडे, सगळे एकदम मांडतात, काही घरांत तर पाहुण्यांना रिकाम्या खोलीत बसवून मांडलेले टेबलच उचलून आणतात. वीस-तीस वाट्या समोर आल्या की माणूस भांबावतो. गरम ते आधी, गार ते मागाहून, एवढे धोरण पुरते. नऊ खणांची गुजॉलपान ही थाळी दिसली तर मधल्या पातळ धिरड्यात आठही कडेच्या पदार्थांची एकेक काडी घेऊन गुंडाळी करायची. एकच काही भरले की चव बसत नाही.

याच जॉल्लाच्या ताटात होंगॉ असते. आंबवलेला वागळी मासा, शेजारी उकडलेले डुकराचे मांस आणि जुनी किमची. तिन्ही एकत्र खायचे. वागळीच्या अंगातले युरिया आंबताना अमोनियात बदलते, म्हणून वास थेट डोळ्यांत जातो. चावताना नाकाने श्वास आत ओढला तर ठसका हमखास, आणि फार मुरलेल्या तुकड्याने टाळूची साल निघते. नको असेल तर ताट मांडण्यापूर्वीच सांगावे, तिथे कोणी रागावत नाही. कोरियनांतही निम्म्यांना तो सोसत नाही असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होऊ नये.

शेगडीवरच्या मांसाबद्दल सगळे सगळीकडे लिहितात, म्हणून थोडक्यात. एक वाटा साधारण १५० ते २०० ग्रॅमचा असतो आणि १०० ग्रॅमचा भाव फलकावर लिहिणे बंधनकारक आहे, तोच बघून तुलना करावी, वाट्याचा नव्हे. पहिल्यांदा किमान दोन वाटे घ्यावे लागतात. मसाला न लावलेले मांस आधी, मुरवलेले नंतर. मुरवलेल्यात साखर आणि फळांचा रस असतो, तो जाळीवर करपून बसतो आणि पुढचे सगळे कडू होते. जाळी काळी झाली की ‘पुलपान कारा जुसेयो’ म्हणावे, बदलून देतात, पैसे पडत नाहीत. पानात गुंडाळलेला घास एकाच वेळी तोंडात जाईल इतकाच करावा. कपड्यांना वास लागतो, म्हणून गोल स्टुलाचे झाकण उघडून कोट-पिशव्या आत ठेवायची सोय असते. वर बसलेल्यांना ते ठाऊकच नसते.

टेबलावर बसल्यावर चमचे दिसत नाहीत म्हणून ओरडू नये, टेबलाच्या कडेला कप्पा असतो, चमचे, चॉपस्टिक, रुमाल सगळे त्यात. कोपऱ्यातले बटण दाबले की वाढणारे येतात. बटण नसेल तर ‘जॉगियो’ अशी हाक मारावी, ती उद्धट समजत नाहीत. ‘सेल्फ’ लिहिले असेल तिथून पाणी आपणच आणायचे. भात आणि सूप चमच्याने, बाकीचे चॉपस्टिकने. वाटी उचलून तोंडाला लावत नाहीत, आणि भाताची स्टीलची वाटी इतकी तापलेली असते की उचलायचा मोहही होत नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत, पितरांच्या पानात चमचा तसा खोचतात. वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याशिवाय सुरुवात नाही.

बानचान, म्हणजे बाजूच्या वाट्या, फुकट असतात आणि पुन्हा मागितल्या तर पुन्हा देतात: ‘बानचान तॉ जुसेयो’. एखादी वाटी संपवली आणि बाकीच्या तशाच ठेवल्या तर नुसती संपलेलीच मागावी. आपण वाढून घ्यायची सोय असेल तिथे पानात टाकल्यास जादा पैसे लावण्याची सूचना बरेचदा लिहिलेली असते. जादा भात मात्र विकत. वर्षानुवर्षे त्याचा भाव १,००० वॉन होता, आता काही ठिकाणी वाढला आहे.

दोलसोतबाप, म्हणजे दगडी भांड्यात शिजवलेला भात, आला तर एक क्रम आहे आणि तो चुकला तर अर्धी मजा जाते. झाकण उघडल्या-उघडल्या सगळा भात शेजारच्या रिकाम्या वाटीत काढायचा, बुडाला चिकटलेली खरपूड तशीच ठेवायची. किटलीतले गरम पाणी काठापर्यंत नव्हे, खरपूड बुडेल इतके ओतायचे आणि झाकण लावून जेवायला लागायचे. जेवण संपेपर्यंत दगडाच्या उष्णतेने ती सुटून मऊ होते; ते पाणी म्हणजे सुंगन्यंग, खाऱ्या-तिखटानंतर पोटाला शांत करणारे. भात आधी दगडातच खात बसलात तर तो करपतो, आणि पाणी ओतेपर्यंत दगड निवलेला असतो. भांड्याच्या काठाला हात लावू नये, लाकडी बैठकीला धरावे.

वेळा सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ खानावळी दुपारी ३ ते ५ बंद असतात, शेवटची मागणी बंद होण्याच्या अर्धा-एक तास आधी घेतात, आठवड्यातला एक दिवस सुट्टी असते. सॉल्लाल आणि छुसॉक या सणांच्या दिवसांत तर सोलमधल्याही जुन्या खानावळी कुलूपबंद असतात. गूगलच्या नकाशावर कोरियात पायी चालण्याचा रस्ता नीट मिळत नाही, नेव्हर मॅप घ्यावा. त्यात वेळा, दरफलकाचे फोटो आणि सुट्टीचा दिवस बहुधा ताजा असतो. दारातल्या यंत्रावर नाव नोंदवायला स्थानिक फोन नंबर मागतात, तो नसेल तर आत जाऊन माणसे किती ते बोटांनी दाखवावे किंवा सरळ सकाळी ११ला उघडताच पोचावे. काही ठिकाणी बसायची सोय जमिनीवर असते, चपला दारात काढायच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्च्या आहेत का हे फोटोत बघून जावे.

पैसे जाताना गल्ल्यावर द्यायचे. बक्षिसी नाही. १० टक्के मूल्यवर्धित कर दरात धरलेलाच असतो. २०१३पासून फलकावर अंतिम रक्कमच लिहावी लागते. टेबलावरच्या टॅबलेटवर परदेशी कार्ड कधी कधी चालत नाही, तेच कार्ड गल्ल्यावर चालते. बाजारातल्या गाड्यांसाठी थोडी रोकड खिशात असू द्यावी.

आमची विनंती एवढीच, की पुरवणीत एखाद्या कोरियन खानावळीचे नाव छापताना तिथला रस्सा कशाचा असतो, किमान किती माणसांना वाढतात आणि दुपारी ती किती वाजता बंद होते, हे तीन तपशील त्या नावाखाली द्यावेत. फोटो एखादा कमी छापला तरी चालेल.

आपले,
सोलमधील काही मराठी वाचक